समोर कोणी नसताना

जगात पुष्कळशा गोष्टी अशा आहेत, की त्यांना दोन माणसं लागतात. लग्नाला दोन लागतात, भांडणाला दोन लागतात, बुद्धिबळाला दोन लागतात. आणि कुस्तीला तर लागतातच लागतात. एका हाताने टाळी वाजत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते ऐकवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी बहुधा आपले दोन्ही हात आमच्या पाठीवर वाजवून त्याची खात्रीही पटवून दिलेली असते. असं असताना समोर कोणीही उभं नाही आणि तरी एक माणूस जीव तोडून लढतो आहे, हे दृश्य पाहिलं की प्रथम हसू येतं. मात्र थोडा वेळ पाहत राहिलं, की ते हसू आपोआप थांबतं.

टोकियोचं ऑलिंपिक २०२० साली व्हायचं ते साथीमुळे २०२१ साली झालं. त्या खेळांत कराटेला पहिल्यांदाच जागा मिळाली होती. ऑगस्टातल्या एका दुपारी आमच्या दूरदर्शन संचावर पांढऱ्या पोषाखातला एक जपानी गृहस्थ मोकळ्या चौकात येऊन उभा राहिला. त्याने वाकून नमस्कार केला, घसा फोडून एक नाव उच्चारलं, आणि मग हवेत ठोसे मारायला, लाथा झाडायला, अडवायला, वळायला, झेपावायला सुरुवात केली. समोर चिटपाखरू नव्हतं. आमची सौभाग्यवती शेजारी बसून मेथी निवडत होती. ती म्हणाली, “अहो, हा भांडतोय तरी कोणाशी?”

प्रश्न अगदी रास्त होता. या प्रकाराला ‘काता’ म्हणतात. कराटेच्या स्पर्धेत दोन भाग असतात. एकात दोघे समोरासमोर लढतात. दुसऱ्यात एकटाच खेळाडू ठरावीक हालचालींचा क्रम करून दाखवतो. प्रत्येक हालचालीमागे एक न दिसणारा शत्रू असतो. हा हात वर गेला, कारण त्याचा ठोसा आला. हा पाय मागे सरला, कारण तो डावीकडून धावला. हे सगळे हल्ले खेळाडूला दिसले पाहिजेत, आणि त्याला दिसताहेत हे आपल्यालाही दिसलं पाहिजे. टोकियोच्या वेळी मान्य कातांची यादी १०२ जणांची होती, आणि एकदा केलेला काता पुढच्या फेरीत पुन्हा करता येत नव्हता. समोर सात पंच. ते पाचपासून दहापर्यंत गुण देत. त्यांतला ७० टक्के भार तंत्राला आणि ३० टक्के ताकद, वेग, तोल यांना. सातांपैकी सर्वांत वरचे दोन आणि सर्वांत खालचे दोन आकडे काढून टाकायचे आणि मधल्या तिघांवर निकाल लावायचा. उत्तरपत्रिका तपासून तपासून बोटांना घट्टे पडलेल्या आम्हा प्राध्यापक मंडळींना हेवा वाटावा, अशी ही पद्धत आहे. आमच्याकडे उदार परीक्षक आणि खाष्ट परीक्षक या दोघांनाही असं सोयीस्करपणे वजा करता येत नाही.

तो पांढऱ्या पोषाखातला गृहस्थ म्हणजे रियो कियुना. जिथे कराटे जन्मलं त्या ओकिनावा बेटाचा हा सुपुत्र २०१४, २०१६ आणि २०१८ अशा तीन वेळा जगज्जेता झालेला होता. त्या दिवशी त्याने सुवर्णपदक मिळवलं आणि पदक घ्यायला जाताना आपल्या दिवंगत आईची तसबीर हातात धरून नेली. आदल्या दिवशी स्त्रियांच्या कातात स्पेनच्या सान्द्रा सान्चेझ या बाईंनी सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा त्या ३९ वर्षांच्या होत्या. समोर कोणी नसलं तरी खेळाडूला किती जणांना बरोबर घेऊन उभं राहावं लागतं, हे त्या दोन दिवसांत कळलं.

याच कियुनाने २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई खेळांत सुवर्ण जिंकलं होतं. तिथे यजमान इंडोनेशियाच्या अहमद झिगी झरेस्ता युदा या तरुणाला कातात कांस्यपदक मिळालं. मला त्या इंडोनेशियन तरुणाचं फार कौतुक वाटतं. खेळ दुसऱ्याच्या बेटावरचा, भाषा दुसऱ्याची, कातांची नावं दुसऱ्याची. त्या खेळाच्या घरच्या राजाशी एकाच स्पर्धेत उतरायचं आणि आपल्या माणसांच्या डोळ्यांदेखत पदक घेऊन परतायचं, ही सोपी गोष्ट नाही. आणि गंमत पहा, त्याच खेळांत इंडोनेशियाने आपल्या मातीतली ‘पेंचाक सिलात’ ही युद्धकलाही मांडली होती. तिच्या १६ सुवर्णपदकांपैकी १४ यजमानांनी घरीच ठेवून घेतली! यजमानाने पाहुण्यांना जेवायला बोलावून सगळ्या पुरणपोळ्या स्वतःच फस्त कराव्यात, तशातला हा प्रकार. पण आपला खेळ जगापुढे मांडायची संधी मिळाली तर कोण सोडील?

तर सौभाग्यवतीच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं ते असं: “आपल्याकडे मल्लखांबावरचा खेळाडू ज्याच्याशी भांडतो, त्याच्याशीच.”

मल्लखांब या शब्दातच सगळा खुलासा आहे. मल्लासाठी खांब, किंवा खांब हाच मल्ल. जोडीदार नसेल तेव्हा पैलवानाने डाव कोणावर घोटायचे? तर लाकडाच्या पैलवानावर. साग किंवा शिसवी लाकडाचा, जमिनीच्या वर साडेसात-आठ फूट उभा असलेला, खाली जाड आणि वर निमुळता होत गेलेला हा गडी आहे. त्याला अंग आहे, अंगावर मान आहे, मानेवर बोंड म्हणून एक डोकंही आहे. हात तेवढे नाहीत. त्यामुळे तो उलट डाव टाकीत नाही. पण अंगाला एरंडेल चोपडून तो असा बेरकीपणाने उभा असतो, की पकड जरा चुकली तर माणूस सरळ त्याच्या पायाशी. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, फरारा, ताजवा ही त्यावरच्या करामतींची नावं. मराठीचा शिक्षक म्हणून मला या शब्दांचा नुसता आवाजही आवडतो. सुईत दोरा ओवावा तसं शरीर ओवायचं तो सुईदोरा, आणि वेलीसारखं वळसे घेत वर चढायचं ती वेल. ज्याने ही नावं दिली, त्याने कविता केली असती तर त्याचा एखादा धडा मला आज शिकवावा लागला असता.

बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या अशा खांबाचा उल्लेख आहे. मध्ये पुष्कळ काळ या विद्येचा मागमूस दिसत नाही. मग दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर हे नाव पुढे येतं. आख्यायिका अशी, की निजामाच्या मुलखातले अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्याच्या दरबारात आले आणि त्यांनी आव्हान दिलं. कोणी पुढे होईना. कोवळ्या बाळंभटाने ते आव्हान घेतलं, मुदत मागितली आणि तो वणीला सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन बसला. तिथे मारुतिरायाने त्याला वानराच्या रूपात झाडाच्या खोडावर डाव करून दाखवले. परत येऊन त्याने अलीला लोळवलं, आणि ते पाहून गुलाबाने लढायचंच नाकारलं, असं सांगतात. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी उरते. त्या जवान मुलाला तयारीसाठी माणूस मिळाला नव्हता. झाड मिळालं होतं.

पुढे काय झालं? खांब आला होता कुस्तीसाठी, पण तो स्वतःच खेळ होऊन बसला. लोणच्याची फोड चाखता चाखता भात संपावा आणि लोणच्याचंच जेवण व्हावं, तसं झालं. पुरलेल्या खांबाच्या जोडीला टांगता मल्लखांब आला, वेताचा आला, आणि वेत दुर्मीळ झाल्यावर सुती दोर आला. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मजुमदारांनी मराठीत दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश सिद्ध केला. त्यात या विद्येला सन्मानाने बसवलं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. १९५८ साली दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक स्पर्धेत मल्लखांबाला जागा मिळाली, आणि १९८१ साली उज्जैनला त्याची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा झाली. मध्य प्रदेशाने २०१३ साली त्याला आपला राज्यखेळ ठरवलं. खेळ आपला आणि राज्यखेळाचा मान शेजाऱ्याने दिलेला, हे वाचून मला किंचित अवघडल्यासारखं झालं होतं. पण शेजारी गुणग्राहक असावा, ही काही तक्रार करण्याची गोष्ट नाही.

मुंबईच्या शिवाजी पार्कवरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी आयुष्यभर हा खेळ शिकवला. देशीविदेशी शिष्य तयार केले, अंध मुलांनाही दोरावर चढवलं. त्याच शिवाजी पार्कावर फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि मुंबईच्या हिमानी परबने तीत सुवर्ण मिळवलं. २०२२ साली मल्लखांब खेलो इंडिया युवा खेळांत आला, राष्ट्रीय खेळांतही आला. त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कार सागर ओव्हाळकरांना मल्लखांबासाठी मिळाला. २०२४ साली देशपांडे सरांना पद्मश्री मिळाली. छत्तीसगडातल्या अबुझमाडच्या जंगलातली आदिवासी पोरं तर २०२३ साली दूरदर्शन संचावरची एक मोठी कलास्पर्धा या खेळाच्या जोरावर जिंकून गेली. म्हणजे खेळ मेलेला नाही. उलट चांगला चढतीला लागला आहे.

हे सगळं सनावळीत फार छान दिसतं. पण सनावळीत मावतात ती शिखरं. मला सांगायचं आहे ते पायथ्याचं.

आमची अंबाडी भिवंडी तालुक्यात, भिवंडी-वाडा रस्त्यावर आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीला जाणाऱ्या मंडळींनी ती पाहिलेली असते, पण पाहिल्याचं त्यांच्या लक्षात नसतं. कारण ते नाक्यावर चहा पितात आणि पुढे जातात. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी आप्पांच्या नवसातून उभं राहिलेलं. १७३९ साली वसई पडली आणि नवस फिटला. तेव्हा लढाई या गोष्टीशी आमच्या परिसराचा संबंध जुना आहे. आता मात्र रस्त्यावर फौजांऐवजी मालमोटारींची रांग असते. एका बाजूला भाताची खाचरं आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याची अवाढव्य गोदामं, असं आमचं सध्याचं निसर्गसौंदर्य आहे.

या परिसरातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. मागच्या बाकावर बसायची, कमी बोलायची, आणि अधूनमधून तास संपल्यावर येऊन सांगायची, “सर, उद्यापासून तीन दिवस येणार नाही. स्पर्धा आहे.”

“कसली?”

“दोरीची.”

“दोरीच्या उड्यांची?” मागून एका चिरंजीवांनी विचारलं. वर्ग हसला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी तिने मैदानातल्या आंब्याच्या फांदीला आपला दोर बांधून घेतला. अंगठाभर जाडीचा, सुती, वापरून काळवंडलेला. खाली दोन जुन्या गाद्या. तिने दोराला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि उडी घेतली. पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरायचा, तो मांडीवरून, कमरेवरून, पाठीवरून फिरवायचा, आणि त्या वेढ्यावर सगळा देह तोलायचा. गाठ मारायची नाही. गाठ कुठेच नाही, नुसते वळसे. जमिनीपासून दहा फुटांवर ती पद्मासनात बसली, मग डोकं खाली करून लवंडली, मग दोन्ही हात सोडून आडवी झाली. त्या क्षणी तिला कशाने धरून ठेवलं होतं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. खांब निदान ताठ तरी उभा असतो. दोर हा फार कावेबाज प्रतिस्पर्धी आहे. तो अडवीत नाही, निसटतो. दीड मिनिटाच्या आत सगळं आटोपलं. ती सरकत खाली आली, दोन्ही पाय जुळवून उभी राहिली. ते चिरंजीव तोंड उघडं टाकून पाहत होते. त्यांना ते मिटायची आठवण करून द्यावी लागली.

पुढे तिच्याकडून हळूहळू कळत गेलं. घर अंबाडीपासून चार किलोमीटर आत. वडील गोदामात माल उतरवायचे, आई शेतावर. गावच्या शाळेतल्या एका मास्तरांना मल्लखांबाचा नाद होता. त्यांनी व्हरांड्याच्या तुळईला दोर टांगून सात-आठ पोरांना शिकवायला घेतलं, तेव्हा ही आठ वर्षांची होती. बारा वर्षांखालची, चौदा वर्षांखालची, सोळा, अठरा अशा पायऱ्या चढत ती जिल्ह्यातून राज्यापर्यंत पोचली. बाकीची पोरं एकेक करून गळाली. मास्तरांची बदली झाली. ही एकटीच राहिली. मग शिकवणाराही समोर नाही आणि स्पर्धा करणाराही समोर नाही, अशी तिची साधना सुरू झाली. पहाटे पाचला उठून दोर, आणि मग साडेसातची एस्टी.

एकदा मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. मराठीच्या माणसाने गणितात पडू नये, पण हा हिशेब सोपा होता. एका स्पर्धेत तिच्या वाट्याला दीड-दीड मिनिटाचे चार संच आले असं धरलं, तर सहा मिनिटं. वर्षाला तीन-चार स्पर्धा. म्हणजे वीस मिनिटं. आठव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत बारा वर्षं धरली, तर सगळी कारकीर्द चार तासांची. पंचांसमोर चार तास! आणि रोजचे दोन तास, वर्षाचे तीनशे दिवस या हिशेबाने सराव झाला सात हजार दोनशे तासांचा. नाटकवाल्यांची तालीमसुद्धा इतकी उधळी नसते.

शेवटच्या वर्षाला ती राज्य स्पर्धेला गेली. या वेळी पदक हवं होतं. नुसतं हौसेसाठी नव्हे. आपल्या राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, आणि २०२० साली केंद्रानेही खेळाडूंच्या भरतीच्या यादीत मल्लखांब घातला. पण राखीव जागेसाठी नुसतं खेळून भागत नाही, पदक लागतं. गोदामात पाठ वाकवलेल्या बापाच्या घरात अशा कागदाची किंमत काय असते, ते मी तुम्हाला सांगायला नको.

ती चौथी आली. तिसरीहून पाच शतांश गुणांनी मागे.

चार दिवसांनी नाक्यावर एस्टीची वाट पाहताना ती भेटली. अशा वेळी काय बोलावं हे कळत नाही. मी म्हटलं, “पाच शतांश म्हणजे काहीच नाही गं.”

“आहे, सर,” ती म्हणाली. “उतरताना डावा पाय अर्धं पाऊल मागे गेला. पंचांनी बरोबर कापले.”

तिच्या आवाजात रडू नव्हतं आणि तोराही नव्हता. बाजाराचा हिशेब सांगावा तसं तिने ते सांगितलं. मी मात्र तिच्याकडे पाहतच राहिलो. मी वीस वर्षं मुलांना गुण देतो आहे. कमी गुण मिळाले की पेपर अवघड होता, परीक्षक कडक होता, शेजारचा दिवा मिणमिणत होता, ही सगळी कारणं मी ऐकली आहेत. मोठी माणसं तर याहून सरस कारणं सांगतात. ‘बरोबर कापले’ हे दोन शब्द मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकले.

नंतर मला वाटलं, समोर कोणी नसण्याचा हाच तर परिणाम नसेल? कुस्तीत हरलं तर म्हणता येतं, तो माझ्यापेक्षा वजनदार होता. क्रिकेटमध्ये खेळपट्टी असते, पंच असतात, नाणेफेक असते, हवामान असतं. एका पराभवाचं ओझं उचलायला गाडीभर हमाल तयार. पण ज्याने बारा वर्षं दोराशीच झुंज घेतली, तो दोष कोणाला देणार? दोर कोणाच्या बाजूचा नसतो. तो हरत नाही, जिंकत नाही, दमत नाही, आणि तुम्ही पडलात तरी त्याला आनंद होत नाही. रोज पहाटे तो फक्त एवढंच सांगतो, की काल तुझा अंगठा इथे सुटला होता. असं सात हजार तास ऐकलं, की माणसाचे कान आणि मन दोन्ही साफ होत असावेत.

पण मी थांबतो. हे असलं तत्त्वज्ञान, ज्याचा पगार पहिल्या तारखेला बँकेत जमा होतो त्याच्या तोंडी फार गोड लागतं. त्या मुलीला मन साफ होण्याची गरज नव्हती. तिला नोकरी हवी होती. पुढे मी एकदा तिला सरळ विचारलं, “पदक गेल्याचं वाईट वाटतं का गं?”

तिने थोडा विचार केला. म्हणाली, “रोज नाही वाटत, सर. फॉर्म भरताना वाटतं.”

त्या फॉर्मातला तो चौकोन माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला: खेळाडू आरक्षण, होय किंवा नाही. अर्ध्या पावलाने ‘होय’चं ‘नाही’ झालं होतं. यावर कुठल्याही संतवचनाचा लेप लागू पडत नाही, आणि तो लावण्याची घाईही करू नये.

आणि हे केवळ आमच्या अंबाडीच्या पोरीच्या नशिबी आलं असंही नाही. टोकियोला गाजलेलं कराटे २०२४ च्या पॅरिसच्या ऑलिंपिकात नव्हतंच. २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीतही त्याला जागा मिळाली नाही. म्हणजे एवढा चार वेळचा जगज्जेता कियुना (टोकियोनंतर २०२१ सालीच त्याने दुबईला चौथं जगज्जेतेपद मिळवलं). पण ऑलिंपिकचं दार त्याच्यासाठी आयुष्यात एकदाच उघडलं. त्याच्या आधीच्या पिढीतल्या थोर काताकारांसाठी ते उघडलंच नाही आणि पुढच्यांचं काय होईल ते कोणी सांगावं! खेळाडू वीस वर्षं घासून स्वतःला तयार करतो; रंगमंच असेल की नाही, हे ठरवणारे लोक दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच टेबलाभोवती बसलेले असतात. त्या बाबतीत ओकिनावा, जाकार्ता आणि अंबाडी यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

मग या खेळांचं करायचं काय? पोरांना यात घालूच नये? आमच्या मध्यमवर्गीय घरांत हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. मूल पाच वर्षांचं झालं, की ‘याला स्कोप किती?’ असं आपण विचारू लागतो. शेजारच्या घरातल्या चिरंजीवांना त्यांच्या वडिलांनी क्रिकेटच्या शिबिराला घातलं, तेव्हा त्या गृहस्थांच्या डोळ्यांत मैदान नव्हतं, लिलाव होता. मी कोणाला दोष देत नाही. महागाईच्या दिवसांत बापाने स्कोप विचारायचा नाही तर काय विचारायचं? पण माझं म्हणणं एवढंच, की निदान एकदा जाऊन पहावं. दिवाळीची सुट्टी आहे. पोरांच्या हाती मोकळ्या सकाळी आहेत. कुठल्यातरी व्यायामशाळेत, शाळेच्या मागच्या अंगणात, मंदिराशेजारच्या आखाड्यात एखादा खांब किंवा दोर अजून असेल. तिथे जाऊन दहा मिनिटं उभं राहावं. या खेळाडूंना पदक देणं तुमच्या-माझ्या हाती नाही. पण त्यांचे ते सात हजार तास, जे कोणीच पाहत नाही, त्यांतली दहा मिनिटं पाहणं नक्की हाती आहे.

ती मुलगी बी.ए. झाली. रस्त्यावरच्याच एका गोदामाच्या कचेरीत आल्या-गेल्या मालाची नोंद करण्याचं काम तिला मिळालं. बापाने ज्या प्रकारच्या पत्र्याखाली ओझी वाहिली, तशाच पत्र्याखाली ती खुर्चीवर बसते. एका पिढीत एवढी चढण काही कमी नाही. सरकारी भरतीचे फॉर्म ती अजून भरते. स्पर्धा मात्र सुटल्या. आणि रविवारी सकाळी गावच्या शाळेच्या त्याच तुळईला तोच दोर टांगून ती पोरं शिकवते.

मागच्या हिवाळ्यात मी एका रविवारी तिकडे गेलो होतो. अकरा पोरं रांगेत बसली होती. त्यांतल्या चार मुली. सहा-सात वर्षांचं एक शेंबडं पोरगं पहिल्यांदाच आलं होतं. त्याने धावत येऊन एकदम दोराला झोंबायला घेतलं. तिने त्याला थांबवलं.

“आधी नमस्कार.”

“कोणाला?” त्याने विचारलं. त्याच्या मते समोर कोणीच नव्हतं.

तिने दोराकडे बोट दाखवलं. पोराने तिच्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, आणि मोठी माणसं कधीकधी खुळ्यासारखं सांगतात पण ऐकावं लागतं, अशा चेहऱ्याने त्याने दोराला हात लावून कपाळाला लावला. मग तो चढला. दोन हात वर गेला आणि धप्पकन् गादीवर पडला. उठून त्याने आधी आजूबाजूला पाहिलं. ढकलणारं कोणी दिसेना. मग त्याने स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा दोर धरला.